साखर न घालता फळांचा सॉस: तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी जांभळाचा सॉस लिहिला होता. साखरेचा दाणा न घालता नुसता गर बारीक गॅसवर आटवायचा, चिमूटभर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस, बस्स. घावनाबरोबर खा, दह्यात कालवा, पोरांच्या डब्यात पोळीला लावून द्या. जेमतेम अर्ध्या पानाचा मजकूर होता तो, खरं पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज इतके आले की आज सगळं सदर त्यालाच देतेय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं घातली नाहीत, गाव तेवढं लिहिलंय.

प्रश्न (खानापूर): ताई, तुम्ही लिहिलं होतं तसाच सॉस केला. जांभळं आमच्याच परड्यातली. चव एकदम भारी आली, मुलांनी बोटं चाटून खाल्ला. फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून बरणी कट्ट्यावर ठेवली, पाचव्या दिवशी झाकण काढतेय तर वर पांढरी बुरशी! सासूबाई म्हणाल्या वरचं काढून टाक, खालचं चांगलं असतंय. मला धीर झाला नाही, सगळं ओतून टाकलं. लई जीवाला लागलं. माझं काय चुकलं?

उत्तर: ताई, टाकलंत ते अगदी बरोबर केलंत. सासूबाईंनाही हे वाचून दाखवा. असल्या ओलसर, पातळ पदार्थात बुरशीचे धागे खोल गेलेले असतात, डोळ्याला दिसत नाहीत, वर दिसतोय तो नुसता तिचा शेंडा. त्यामुळं चमच्यानं वरचं काढून खालचं खाणं नकोच.

चूक निम्मी माझी. फ्रीजमध्ये ठेवा एवढं लिहिलं होतं मी, का ठेवा ते लिहिलं नव्हतं, आणि का ते कळलं नाही की माणूस जागा नाही म्हणून कट्ट्यावर ठेवणारच. तर आता नीट सांगते. मोरंबा, गुळांबा, जॅम वर्षभर फडताळात राहतात कारण त्यात साखर दोन कामं करत असते. गोडी हे एक, ते आपल्याला माहीत आहे. दुसरं काम टिकवायचं. 100 ग्रॅम जॅममध्ये 65 ते 68 ग्रॅम विरघळलेले पदार्थ असतात आणि त्यात जवळजवळ सगळी साखरच, ती साखर पाण्याला असं काही धरून ठेवते की बुरशीला प्यायला पाणी मिळतच नाही, विहीर भरलेली आहे खरं दोर नाही अशी गत. लोणच्यात मीठ तेच करतंय. आपण साखर काढली की दोन्ही कामं गेली. गोडीची सोय फळ करतंय, टिकवायची सोय मात्र आपल्यालाच करायला लागते, आणि ती एक तर थंडीनं होते, नाहीतर आंबटपणा आणि उकळणं या दोन्हींनी मिळून, नाहीतर पाणी पार काढून टाकून. चौथा रस्ता मला तरी माहीत नाही.

म्हणून घरी करताना थोडाच करायचा. एका वेळेला किलोभर फळ, त्याच्या वर नाही. लहान लहान काचेच्या बाटल्या घ्यायच्या, मोठी बरणी नको, कारण मोठी बरणी दहा वेळा उघडली जाते. बाटल्या आणि झाकणं साबणानं धुऊन 10 मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायची, बाहेर काढून पालथी घालायची, फडक्यानं पुसायची नाहीत (फडक्यातनंच घाण परत आत जाते). सॉस कढत असतानाच भरायचा, बाटलीही गरम पाहिजे नाहीतर तडकते. निवला की लगेच फ्रीजमध्ये, चमचा कोरडा, आणि आठवड्यात संपवायचा. बुडबुडे दिसले, झाकण फुगलं, ताडीसारखा वास आला तर चव बघायच्या भानगडीत पडू नका. आणि हो, फ्रीजच्या दारात ठेवू नका, तिथं गार कमी असतंय. आत मागं ठेवा.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): व्हिडिओमध्ये बाटल्या सॉस भरून, झाकण लावून परत पाण्यात उकळतात आणि वर्षभर बाहेर ठेवतात. आपल्याकडं चालेल का? किती मिनिटं?

उत्तर: दादा, चालतं, खरं तीन गोष्टी पाळल्या तरच. पहिली, फळ आंबटच पाहिजे. सफरचंद चालेल, आंबट पेरू लिंबू घालून चालेल, अननस चालेल. पपई, चिकू, पिकलेली केळी यांत आंबटपणा फार कमी, त्यांचा सॉस बाटलीत हवाबंद करून बाहेर ठेवायचा नाही म्हणजे नाही. हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या जागी एक जिवाणू वाढतो आणि तो जे विष करतो त्याला ना वास ना रंग, बोटुलिझम म्हणतात त्या आजाराला. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली असेल तर तो जिवाणू वाढत नाही, म्हणून हा आंबट-आंबट जप.

दुसरी गोष्ट, झाकण नवीन आणि सीलचं. लोणच्याची जुनी बाटली धुऊन वापरली तर ती फ्रीजसाठी, ह्या कामाला नाही.

तिसरी कुठल्याच व्हिडिओत आपल्यासाठी सांगत नाहीत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे. इतक्या उंचीवर पाणी 100 डिग्रीला उकळत नाही, 97-98 लाच उकळतं. दर 300 मीटरला एक डिग्री कमी होते असं ढोबळ धरा. म्हणजे आपल्या पातेल्यात पाणी खळखळ उकळतंय असं दिसतंय खरं ते मुंबईच्या पातेल्याएवढं गरम नसतंय. सफरचंदाच्या सॉसच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीला सखल गावात 15 मिनिटं सांगतात ती आपल्याकडं 20 धरायची, पाणी झाकणाच्या वर बोटभर तरी पाहिजे आणि वेळ पाणी परत उकळायला लागल्यापासून मोजायची. एवढं सगळं काटेकोर करायचा कंटाळा असेल तर फ्रीजर आहे की.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): आमच्या यजमानांना शुगर आहे. साखरेऐवजी गूळ किंवा मध घालून सॉस केला तर त्यांना चालेल का? आणि बिनसाखरेचा असेल तर पाहिजे तेवढा खाल्ला तर चालतोय ना?

उत्तर: काकू, ह्या प्रश्नाला मी जरा जास्त वेळ देते कारण असली पत्रं सगळ्यांत जास्त आली, आणि आपण कुंदा, मांडे खाणाऱ्या गावची माणसं, घराघरात हा प्रश्न आहे.

गूळ आणि मध ही साखरच आहे. 100 ग्रॅम गुळात 85 ग्रॅमच्या आसपास साखर असते, मधात 80. गुळात लोह असतं, मध औषधी असतो हे सगळं आपण ऐकलंय, खरं रक्तातल्या साखरेला गूळ वेगळा वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलं की अशी वरची साखर दिवसभरातल्या एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या खाली ठेवा, जमलं तर 5 टक्क्यांच्या खाली, म्हणजे साधारण 25 ग्रॅम, आणि त्या हिशोबात त्यांनी मध आणि फळांचा रससुद्धा धरलाय.

आता दुसरा भाग. साखर घातली नाही म्हणजे साखर नाही असं नसतंय. 100 ग्रॅम पिकलेल्या आंब्याच्या गरात 14 ग्रॅमच्या आसपास साखर असते. तो गर आटवून तुम्ही 50 ग्रॅम केला. पाणी गेलं, साखर कुठं गेली? तिथंच आहे. म्हणजे त्या सॉसचे दोन मोठे चमचे खाल्ले की पोटात दोन चहाच्या चमच्यांएवढी साखर गेली. जॅमपेक्षा निम्म्याहून कमी, हे खरंय, त्यासाठीच आपण हा खटाटोप करतो. खरं वाटीभर खाल्ला तर फायदा सगळा पाण्यात. शिवाय अख्खं फळ चावून खाल्लं तर ते सावकाश पचतं आणि पोट भरल्यासारखं वाटतं, वाटून आटवलेला गर पटकन जातो.

यजमानांसाठी माझं म्हणणं असं की आंब्या-चिकूचा नको, पेरूचा किंवा जांभळाचा करा, एक मोठा चमचा, नाचणीच्या भाकरीबरोबर किंवा साध्या दह्यात, आणि तो चमचा जेवणाच्या हिशोबात धरा, वरचा म्हणून नाही. किती आणि कधी ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. जांभूळ खाल्लं की शुगर उतरते म्हणून गोळी बंद करणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, तसं कृपा करून करू नका. जांभूळ हे फळ आहे, चांगलं फळ आहे, गोळीच्या जागी ते बसत नाही.

ज्यांना शुगर नाही पण वरची साखर नको, त्यांनी गोडी कशी आणायची? फळ पूर्ण पिकू द्या. बाजारात सगळे जरा करकरीत फळ निवडतात, सॉसला उलटं, संध्याकाळी गणपत गल्लीत उरलेलं मऊ फळ घ्या, स्वस्तही मिळतं. फक्त डागलेलं, आंबूस वासाचं नको. आंबट फळाला गोड फळाची जोड द्या, जांभूळ-चिकू, करवंद-केळं, अननस-पपई. अथणीकडचे बेदाणे येतात आपल्याकडं, मूठभर बेदाणे चांगले धुऊन कोमट पाण्यात तासभर भिजवून वाटून किलोभर आंबट गरात घातले की चव पार बदलते. (बेदाणे आणि खजूर यांत निम्म्याहून जास्त साखरच, तेव्हा काकू, तुमच्या घरी हे नको.) चिमूटभर मीठ विसरायचं नाही, त्यानं तुरटपणा, कडवटपणा मागं जातो आणि आहे ती गोडी पुढं येते. दालचिनीचा तुकडा, वेलची, जायफळ, हे नाकाला गोड लागतात आणि नाकाला गोड लागलं की जिभेलाही लागतं. आणि खायच्या दहा मिनिटं आधी बाटली फ्रीजमधनं बाहेर काढा. एकदम गार खाल्लं की गोडी कळत नाही.

प्रश्न (निपाणी): माझा सॉस पाणचटच राहतो. अर्धा तास उकळला तरी दाट होत नाही. कॉर्नफ्लॉवर घालू का? द्राक्षाचा आणि स्ट्रॉबेरीचा केला होता.

उत्तर: कॉर्नफ्लॉवर नको हो. त्यानं खळ होते, फळाची चव मरते आणि दोन दिवसांत पाणी सुटतं.

फळांत पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो, जॅम थिजतो तो त्याच्यामुळं. खरं पेक्टिनला थिजायला भरपूर साखर आणि आंबटपणा दोन्ही लागतात, म्हणून बिनसाखरेचा सॉस जॅमसारखा कापता येईल असा कधीच होणार नाही, ती अपेक्षाच ठेवू नका. आपला दाटपणा गराचा आणि आटवण्याचा. स्ट्रॉबेरीत आणि द्राक्षात गर कमी, पाणी फार, पेक्टिनही बेताचं. त्यात दोन पेरू घाला. पेरूत पेक्टिन भरपूर असतं आणि तो गराला धरून ठेवतो. सफरचंदही तेच काम करतंय.

नुसता पेरूचा माझा सॉस सांगते, हा कधी बिघडत नाही. पिकलेले पिवळे पेरू एक किलो, धुऊन देठ आणि बुडखा काढून चार चार फोडी, साल ठेवायची, पेक्टिन सालीजवळ जास्त. रुंद पातेल्यात वाटीभर पाणी घालून झाकून 15-20 मिनिटं मऊ शिजवा. कोमट झाल्यावर पुरणयंत्रातनं फिरवा, बारीक जाळी लावून, बिया आपोआप वर राहतात. मिक्सरला लावायचा मोह आवरा, बिया फुटल्या की सॉस कचकचीत होतो आणि मग तो गाळूनही नीट होत नाही. खाली जो गर पडतो तो परत पातेल्यात, आता झाकण नाही, वाफ बाहेर गेली पाहिजे, तीच तर आपल्याला घालवायची आहे. बारीक गॅस, दालचिनीचा एक तुकडा, चिमूट मीठ. पहिली दहा मिनिटं अधूनमधून हलवलं तरी चालतं, नंतर मात्र उलथनं हातातच पाहिजे, तळाला धरलं की जळका वास सगळ्याला लागतो. दाट व्हायला लागला की तो फटाफट उडतो, चुलीवरच्या पिठल्यासारखा, आणि हातावर पडला तर चांगलाच भाजतो, म्हणून मी पातेल्यावर पुरणाची चाळण उपडी ठेवते, वाफ जाते आणि शिंतोडे आतच राहतात. एका लिंबाचा रस शेवटी.

झाला का ते असं बघा: स्टीलची ताटली फ्रीजमध्ये ठेवून गार करा, त्यावर चमचाभर सॉस टाका आणि मिनिटभर थांबा. कडेनं पाण्याची रिंग सुटली तर अजून आटवा. रिंग नाही आणि बोटानं मधनं रेघ ओढली तर ती भरून येत नाही, मग गॅस बंद. गार झाल्यावर आणखी दाटतो हे ध्यानात ठेवून जरा आधीच थांबायचं.

प्रश्न (जांबोटी): आमच्याकडं करवंदं रगड. खरं चिकानं हात, सुरी, पातेलं सगळं चिकटतं आणि बिया काढता काढता दिवस जातो. आंबट पण लई होतंय.

उत्तर: बिया काढत बसूच नका! एकदम काळी, मऊ झालेली करवंदं घ्या, त्यात चीक कमी. हाताला आणि पातेल्याच्या आतल्या काठाला खोबरेल तेलाचं बोट फिरवा. मिठाच्या पाण्यात दोनदा धुवा, मग बुडतील एवढ्या पाण्यात नुसती शिजवा, फुटायला लागली की वर जो फेस आणि चीक जमतो तो डावानं काढून टाका. निवली की चाळणीवर हातानं रगडा, गर खाली, बिया आणि साल वर. आंबटपणाला पिकून काळी पडलेली केळी, दोन वाट्या गराला एक मोठं केळं. पाच मिनिटं एकत्र शिजवा, बस. रंग असा येतो की बघत राहावं, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर थोडी तिखटपूड घालून तर फारच छान. केळं घातलं म्हणून हा मात्र फ्रीजमध्येच, चार दिवस.

प्रश्न (अथणी): सीताफळाचा सॉस कडू झाला. फळं गोड होती, मी स्वतः खाऊन बघितली होती.

उत्तर: फळात दोष नाही, तुमच्यातही नाही. सीताफळ तापवलं की कडू होतं, त्याचा स्वभावच तो. म्हणून बासुंदीतसुद्धा ते दूध निवल्यावर घालतात. गर काढा, बिया बाजूला करा, तसाच गार खा नाहीतर फ्रीजरमध्ये ठेवा.

अननसाचं बरोब्बर उलटं. कच्चा अननस दह्यादुधात घातला की थोड्या वेळानं कडवट होतं आणि पाणी सुटतं, त्यातलं एक एन्झाइम दुधातली प्रथिनं फोडतं. चांगला उकळून शिजवला की ते एन्झाइम जातं आणि मग दह्याबरोबर खुशाल खा.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): आज्जीची पितळेची डेचकी आहे, जड बुडाची. त्यात करू का? अ‍ॅल्युमिनियमचं पण आहे.

उत्तर: कल्हई असेल तर करा. आत डोकावून बघा, पांढरा चकचकीतपणा सगळीकडं पाहिजे, कुठं पिवळं दिसलं तर थांबा, आंबट गर पितळेतलं तांबं ओढून घेतो आणि ते पोटाला बरं नाही. आमच्या आईच्या डेचकीला अशीच पावलीएवढी पिवळी जागा होती, आईनं तिच्यात आमसुलाचं सार केलं आणि रात्री आम्ही सगळी ओकत बसलो, मी चौथीत होते, अजून ती चव आठवते. कल्हई करून घ्या, डेचकी फार चांगली आहे, मोडीत घालू नका. अ‍ॅल्युमिनियमलाही आंबट लागतं, चवीला आणि रंगाला, त्यात नको. जाड बुडाचं स्टील सगळ्यांत निर्धास्त. आणि जांभूळ, आवळा लोखंडी विळीवर चिरू नका, तुरट रस लोखंडाला लागला की काळा पडतो.

प्रश्न (चिकोडी): बाळ आठ महिन्यांचं आहे. त्याला हा सॉस देऊ का?

उत्तर: सफरचंद वाफवून, गाळून, काहीही न घालता, दोन चमचे. मीठ नाही, साखर नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, बोटानं चाटवायलासुद्धा नाही, त्यात असणाऱ्या जिवाणूंनी लहान बाळाला बोटुलिझम होऊ शकतो. घरातली मोठी माणसं आग्रह करतील तरी नाही म्हणा. एका वेळी एकच नवीन फळ, तीन दिवस बघा, मग दुसरं. बाळाचं ताजं करा, आमच्या बाटलीतलं नको.

प्रश्न (उचगाव): आमचा बायकांचा बचत गट आहे. पेरूचा आणि जांभळाचा सॉस करून विकायचा विचार आहे. लेबलवर ‘शुगर फ्री’ लिहिलं तर चालेल का? त्यानं खप जास्त होतोय म्हणतात.

उत्तर: नका लिहू. नियमात ‘शुगर फ्री’ म्हणजे 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर नाही, आणि तसं एकही गोड फळ देवानं केलेलं नाही. शुगर असलेला माणूस तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून वाटीभर खाईल. ‘वरून साखर घातलेली नाही, फळाची नैसर्गिक साखर आहे’ असं सरळ लिहा, मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत. तयार केल्याची तारीख घाला, ‘फ्रीजमध्ये ठेवा’ हे मोठ्या अक्षरात. एफएसएसएआयचं (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचं) रजिस्ट्रेशन पहिल्यांदा काढा. आणि अक्का, सुरुवात फ्रीजमधल्या मालानंच, ऑर्डरप्रमाणं करा, बाहेर टिकणारा माल करायचा असेल तर आधी लॅबमध्ये पीएच तपासून घ्या. एका बाटलीनं कुणाला त्रास झाला तर सगळ्या गटाचं नाव जातं. तुमचा पेरू चांगला आहे, हात चांगला आहे, खरं बोलून विकलं तरी खपेल.

प्रश्न (कणकुंबी): आमच्याकडं पावसाळ्यात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. फ्रीज असून नसल्यासारखा. मग आम्ही काय करायचं? आंबा, फणस तर मे महिन्यात पडून जातोय.

उत्तर: तुमचं पत्र शेवटी ठेवलं कारण ह्याचं उत्तर मी देण्याआधी तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडं आहे. दोन वर्षांमागं फ्रीजरमध्ये माझे आंब्याच्या सॉसचे अकरा डबे होते, जूनमध्ये वादळात लाईट गेली ती तिसऱ्या दिवशी आली. सगळं पातळ होऊन कोमट झालेलं. अकराच्या अकरा डबे परड्यात खड्डा काढून पुरले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी साठ घातली.

साठ म्हणजे आंबापोळी, फणसपोळी. साखर न घालता फळ टिकवायचा हा आपला जुना रस्ता, वर सांगितलं ना, पाणी पार काढून टाकायचं, तोच. घट्ट रायवळ आंब्याचा रस किंवा बरक्या फणसाचा गर घ्या, फणसाचा मिक्सरला फिरवून चाळणीतनं काढा, धागे राहायला नकोत. गर एक उकळी येईपर्यंत तापवा, आमच्या आज्ज्या तापवत नव्हत्या, खरं तापवलेला बरा, जंतू मरतात आणि रंगही काळा पडत नाही. ताटाला तुपाचं बोट फिरवा आणि गर ओता, रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होतील एवढाच जाड, जास्त जाड घातला की वरनं वाळतो आणि आत ओला राहतो, मग तिथंच बुरशी. वर पातळ मलमलचं फडकं ताणून बांधा, फडकं गराला टेकू नये. कडक ऊन, सकाळी नऊपासून चारपर्यंत, उन्हं कलली की आत घ्यायचं, दव लागू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी कडा सुटायला लागतात, तेव्हा सुरी फिरवून पोळी उलटी करा. तीन-चार दिवसांत ती चामड्यासारखी वळते, दुमडली तर मोडत नाही आणि दाबली तर बोटाला चिकटत नाही, ही खूण. हे सगळं मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत उरकायला लागतं, तुमच्याकडचा वळीव कधी येईल सांगता येत नाही.

मग गुंडाळी करून, मध्ये बटर पेपर घालून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. पावसात डबा उघडा तेवढा लगेच बंद करा.

आणि जुलैत पाऊस झोडपत असेल, लाईट नसेल, पोरं भाकरीला काहीतरी गोड मागत असतील, तेव्हा तळहाताएवढा तुकडा कापून वाटीभर गरम पाण्यात झाकून ठेवा. अर्ध्या तासात तो फुगून मऊ होतो. रवीनं घुसळा, नाहीतर पाट्यावर वाटा, लाईट लागत नाही. एक उकळी द्या, लिंबू पिळा. त्या दिवशी लागेल तेवढाच करा, उरलेली साठ डब्यात तशीच राहू दे.